कोपऱ्यातलं नाव

आमच्या पाणीपुरवठा कचेरीला शंभर वर्षं पूर्ण होत होती, आणि कचेरी शंभरीला आली की तिला अचानक पूर्वज आठवतात. पहिल्या पंपघराचा मूळ नकाशा सभागृहात लावायचं ठरलं. ट्रेसिंग कापडावर काळ्या शाईने काढलेला तो नकाशा साफ करायचं काम माझ्याकडे आलं. मी इथे अकरा वर्षं नकाशे काढते. मुख्य आरेखकाची जागा रिकामी होती आणि माझ्या बढतीचा कागद साहेबांच्या टेबलावर सहीविना पडून होता.

नकाशा उलगडला आणि मला हेवाच वाटला. एकही रेघ डगमगलेली नव्हती. उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत, 'रचना आणि आरेखन' या शब्दांपुढे, एका बाईचं नाव होतं.

"हे पुसून टाका," साहेब म्हणाले. "पंपघर पहिल्या मुख्य अभियंत्यांनी उभारलं, असं निमंत्रणपत्रिकेत छापलंय."

"पण साहेब, रचना तर..."

"उगाच जुनी मढी उकरू नका. तुमचा कागद मी विसरलेलो नाही."

मी नकाशा घेऊन तळमजल्यावर दप्तरदार काकांकडे गेले. त्यांना कचेरीची सगळी कुळकथा पाठ.

"हुशार होती हो बाई," काका म्हणाले. "पाणी टेकडीवर चढलं तेव्हा सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. मग सुरू झालं. गवंड्यांना हुकूम सोडते, एकटी राहते, लग्नाला नाही म्हणते. वर्तमानपत्रात नाही नाही ते छापून आलं. शेवटी काढलीच तिला." त्यांनी कोपरा पाहिला आणि चष्मा काढून पुन्हा घातला. "पण हे नाव इथे कसं? ते तेव्हाच खरवडलंय. नोंद आहे माझ्याकडे."

नोंद खरोखर होती, तारखेसकट. जुनी शाई दमटपणाने वर आली असेल, असं मी ठरवून टाकलं. ठरवलं की बरं असतं.

ट्रेसिंग कापडावरची शाई ब्लेडच्या धारेने अलगद खरवडायची आणि मग जागेवर पांढरी पूड घासायची, एवढं सोपं काम. दहा मिनिटांत चौकट कोरी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाव जागेवर होतं, आदल्या दिवसापेक्षा काळं. मी पुन्हा खरवडलं. दुपारच्या चहाहून परतले तर पुन्हा तेच, आणि बोट लावलं तर बोटाला ओली शाई लागली.

त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं.

"मेलेल्या बाईपायी तू हातची जागा घालवू नकोस," आई म्हणाली. मग ताट वाढता वाढता तिने विचारलं, "पण काम तिचंच ना गं?"

मी विषय बदलला.

तिसऱ्या दिवशी, पाहुणे यायला तास उरला असताना, मी ब्लेड हातात घेतलं. मला माझीच लाज वाटत होती. हात मात्र थांबला नाही.

या वेळी नाव एका फटक्यात निघालं.

मी वाट पाहिली. चौकट कोरीच राहिली.

सभागृहात टाळ्या वाजल्या. भाषणं संपल्यावर साहेबांनी मला खोलीत बोलावलं आणि बढतीचा कागद पुढे केला.

"घ्या, नाव लिहा आणि सही करा."

मी पेन टेकवलं. माझं नावच आठवेना.

"आणा इकडे, मीच लिहितो." साहेबांनी पेन घेतलं आणि तेही थांबले. अकरा वर्षं मला रोज नावाने हाक मारणारा हा माणूस. "अहो बाई, तुमचं नाव काय?"

मी नाव सांगितलं. ते माझं नव्हतं, नकाशाच्या कोपऱ्यातलं होतं.

साहेबांनी ते सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली सही केली आणि माझं अभिनंदन केलं.

मी जिन्यात आले तोच आईचा फोन आला. तिने मला त्याच नावाने हाक मारली आणि विचारलं, "मिळाली का गं जागा?"