डाव्या हाताची लेक

मी फिजिओथेरपिस्ट आहे. भिसेगावात माझा छोटासा दवाखाना आहे आणि दुपारनंतर मी स्कूटरवरून आसपासच्या गावांतल्या पेशंटांकडे जाते. हात बघून भविष्य सांगणाऱ्यांवर माझा काडीचाही विश्वास नाही. हात बघावा आणि व्यायाम सांगावा, इतकं सोपं माझं काम.

कोंडाण्याच्या सोनुबाईंना भाताची झोडणी आटोपल्यावर झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. नवरा कधीच वारलेला, पोटची एकच लेक, हर्षला. ती खोपोलीला एका कारखान्याच्या ऑफिसात होती. रजा टाकून ती आईपाशी येऊन राहिली. पहिल्याच दिवशी तिनं मला पडवीत गाठलं.

"ताई, आई मला ओळखत नाय धड. परत ओळखेल ना?"

"ओळखेल गं. वेळ लागतो," मी म्हणाले. आमच्या धंद्यात एवढं बोलावंच लागतं.

सोनुबाई जन्मानं डावखुऱ्या, हे त्यांचे थोरले भाऊ आबाजीमामा यांच्याकडून कळलं. "आमची आय जेवायच्या येळेला हिचा डावा हात फडक्यानं कमरेला बांधायची," ते म्हणाले. "डाव्या हातानं खाल्लं तर घरात लक्षुमी टिकत नाय म्हणं. मग सुधारली पोर."

मला बरंच वाटलं. असा माणूस डावा हात पटकन वापरायला लागतो. मी मोड आलेले वाल सोलायला दिले. बोटांना याहून चांगला व्यायाम नाही. सोनुबाईंनी डाव्या चिमटीत वाल धरला, दाबला, साल एकीकडे आणि डाळिंबी दुसरीकडे. लहानपणापासून गप्प बसवलेला हात, पण नवखेपणा कुठेच दिसेना. मी मनात स्वतःची पाठ थोपटली.

तेवढ्यात त्यांनी समोर बसलेल्या हर्षलाकडे पाहिलं. "ही कोणाची पोर हाय?"

हर्षला उठून आत गेली. थोड्या वेळानं मी उजव्या हाताला मालीश करत होते, तर सोनुबाई आतल्या दिशेनं बघून म्हणाल्या, "हर्षू, जेवलीस का गं?" शब्द जड होते, पण स्पष्ट होते.

असं दोनदा झाल्यावर मी रीतसर तपासायचं ठरवलं. सोनुबाईंना डोळे मिटायला लावले आणि हर्षलाचा तळवा त्यांच्या उजव्या मुठीत दिला. "हर्षू," त्या म्हणाल्या. डाव्या मुठीत दिला. बोटं हर्षलाच्या नखांवरून, मनगटावरून फिरली आणि त्यांनी तो हात हळूच बाजूला ठेवला.

"चिंधी कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

मेंदूचे दोन भाग असतात, मार लागला की त्यांचं आपसात जमत नाही, असं मी हर्षलाला समजावलं. ते खरंही आहे. फक्त चिंधी कोण, हे त्यात बसत नव्हतं.

मी मामांना विचारलं. त्यांनी तंबाखू मळायची थांबवली.

"आमच्यात हे नाव कवा ठेवतात ठावं हाय का, डाक्टरीणबाय? आधीचं लेकरू गेलं, की मागच्याला असं टाकाऊ नाव ठेवायचं. म्हंजी काळाची नजर जात नाय."

"मग सोनुबाईंचं कोणी गेलं होतं?"

"नाय वो. पयलीच पोर हर्षू. तिच्या आधी नाय, तिच्यामागं नाय."

शेतात वाल फुलला, तरी उजव्या हातात काही फरक पडेना. तो हात आता सुधारणार नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. हर्षला त्या दिवशी फार रडली. आईच्या ज्या हाताला ती ठाऊक होती, तोच मेला होता. मला तिची कीव आली.

नंतर मी गेले तेव्हा ती आईच्या डाव्या अंगाला केस सोडून बसली होती. सोनुबाई दात आणि एक हात लावून तिची वेणी घालत होत्या. वेणी उलट्या पेडाची होती आणि सुरेख होती.

"चिंधे, किती वाढलं गं केस," त्या म्हणाल्या.

"होय गं आये," हर्षला म्हणाली.

मी तिला बाहेर बोलावलं. हे बरं नाही, असं करू नकोस, म्हणाले.

"ताई, आई बोलते माझ्याशी. नाव काय का असंना."

मी पिशवी उचलली आणि स्कूटरकडे गेले.

पुढच्या खेपेला तिनं मला चहा दिला तो डाव्या हातानं; आजवर उजव्या हातानंच द्यायची. भाकरीही ती डाव्या हातानंच थापत होती, आणि एकीलाही चीर गेली नव्हती.

"आईला सोबत म्हणून का?" मी हसून विचारलं.

"काय?"

"डावा हात."

"मी पयल्यापासून डावरी," ती म्हणाली.

मी विषय बदलला. मला त्या घरात पहिल्यांदाच भीती वाटली.

काल सोनुबाईंचा उजवा अंगठा हलला. मग तर्जनी. मी ओरडलेच. अशी सुधारणा मी पाहिली नव्हती.

त्याच हातानं त्यांनी माझं मनगट धरलं. पकड कच्ची होती, पण होती.

"हर्षू कुठं गेली?"

"ही काय, समोर."

त्यांनी समोर पाहिलं. वाल सोलणाऱ्या लेकीकडे नीट पाहिलं. नाही म्हणून मान हलवली.

"हर्षू?" त्यांनी हाक मारली.

लेक उठली, डावा हात जुन्या लुगड्याच्या फडक्याला पुसला आणि मला पडवीत घेऊन आली.

"ताई, तिचं नाव काढू नका आईपुढं," ती हळू आवाजात म्हणाली. "माझ्या आधीची ती. पाळण्यातच गेली. आई अजून शोधते तिला."

आत सोनुबाई हर्षूला हाका मारत होत्या. दारातून मला त्यांची उजवी बोटं दिसत होती. चांगली हलत होती.