रिकाम्या जागेवरची चौकट

त्या दिवशी ती निघाली होती शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो पोचवायला. दोनशे चाळीस तोंडं, सगळी एका मापाची, वर्गवार लिफाफ्यांत घातलेली. अर्ध्या वाटेत मोठ्या सिस्टरांचा फोन आला.

"येऊन जातेस का गं? एक आहे."

एवढंच बोलल्या. 'एक आहे' म्हणजे काय, हे दोघींना ठाऊक होतं. तिनं लिफाफे पिशवीत नीट दाबून बसवले आणि स्कूटर प्रसूती-रुग्णालयाकडे वळवली.

रुग्णालयात तिला सगळे 'फोटोवाली'च म्हणत. जन्मतःच गेलेली, नाहीतर तासा-दोन तासांची सोबत करून गेलेली बाळं असत. आईबापांना घरी न्यायला काहीतरी हवं, म्हणून ती त्यांचे फोटो काढायची. हे काम तिनं मागून घेतलं होतं. सहा वर्षांपूर्वी ह्याच इमारतीत, चार नंबरच्या खोलीत, तिची मुलगी गेली होती. भूल उतरून तिनं डोळे उघडले तोवर सगळं आवरलेलं होतं. मृतच जन्मली, असं तिला सांगितलं. बघितलं नाही की विसरायला सोपं जातं, असं घरातल्या मोठ्यांनी ठरवलं होतं. विसरायला काही सोपं गेलं नाही. उलट आठवायला चेहराच नव्हता.

सुरुवातीला तिला हे काम जमत नव्हतं. सगळा जन्म 'हनुवटी वर, डोळे उघडे, हं, पुढचा' असं म्हणण्यात गेलेला. पहिल्या बाळाचा फोटो तिनं फ्लॅश मारून काढला. तो तिनं आपल्या मास्तरांना नेऊन दाखवला. मास्तर म्हणजे ज्यांच्या स्टुडिओत ती कॅमेरा धरायला शिकली ते. आता थकले होते, स्टुडिओ विकून घरीच असत. त्यांनी फोटो दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"फ्लॅश चोर पकडायला ठीक," ते म्हणाले. "तू घाबरून काढलायस हा. एक टॉवेल घे. गुंडाळी करून खिडकीपाशी ठेव. सकाळी काढ, दुपारी काढ, उन्हं उतरल्यावर काढ. टॉवेल झोपलाय असं वाटलं की ये."

"टॉवेल, मास्तर?"

"टॉवेलच. तो तक्रार करत नाही."

ती हसली होती. पण टॉवेल झोपायला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात तिला कळलं की उजेड डोक्याकडून आला की गाल भरतो आणि पायाकडून आला की डोळ्यांच्या खोबण्या दिसतात. खाट दोन विती सरकवली की अख्खी खोली बदलते. कॅमेऱ्याचा आवाज बंद ठेवायचा. आईचे हात आधी बाळाभोवती आणायचे, घाई न करता. हळूहळू तिचा हात बसला. दुसऱ्या रुग्णालयांतूनही बोलावणी येऊ लागली.

मग नवा कॅमेरा आला. चेहरा दिसला की तो आपणहून त्याच्यावर छोटी पिवळी चौकट आखायचा आणि तिथंच नेम धरायचा. चार नंबरच्या खोलीत पहिल्यांदा तो डोळ्याला लावला, तर चौकट खाटेवर नव्हती. खिडकीजवळच्या भिंतीपाशी होती. जमिनीपासून गुडघाभर उंचीवर. तिथं काहीच नव्हतं.

मास्तरांनी ते हसण्यावारी नेलं. "यंत्र आहे गं. प्लगच्या भोकांतही माणूस दिसतो त्याला."

तिलाही ते पटलं. पण हजारो चेहरे त्या कॅमेऱ्यासमोरून गेले, बाहेर एकदाही तो चुकला नाही. चुकायचा तो फक्त चार नंबरमध्ये. क्षणभर चौकट यायची, थरथरायची, जायची. एकदा ती सहज त्या जागी जाऊन उभी राहिली आणि तिथून फोटो काढला. त्या दिवसाचा तोच सगळ्यात चांगला निघाला. पुढच्या वेळी चौकट दुसरीकडे दिसली, आणि उजेडही नेमका तिथूनच सुरेख दिसत होता. मग ती तसंच करू लागली. लोक म्हणायचे, काय नजर आहे बाईची! जागा कोण निवडतं, हे कुणाला सांगणार?

चार वर्षं गेली. चौकट वर वर सरकत गेली. गुडघ्यापासून मांडीपर्यंत, मांडीपासून कमरेपर्यंत. यंत्राचा दोष असा उंच होत जातो का, हा प्रश्न तिनं मनाच्या कोपऱ्यात सारून दिला होता. मग ह्या आठवड्यात शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो काढताना पहिलीचा वर्ग आला. दोन वेण्यांची एक मुलगी समोर उभी राहिली, चौकट तिच्या चेहऱ्यावर बसली, आणि फोटोवालीनं कॅमेरा खाली घेतला. हीच ती उंची. तिची मुलगी असती तर ह्याच वर्गात असती.

हे बोलावणं यायच्या आदल्या संध्याकाळी तिनं ते नवऱ्याला सांगितलं. तो सुतार. तिच्या फोटोंच्या फ्रेमा तोच बनवायचा. तो रंधा मारत होता, थांबला.

"अहो, ऐकताय ना?"

रंध्यात अडकलेला भुसा त्यानं बोटानं काढला. मग खाली बघतच म्हणाला, "ती मेलेली नव्हती जन्मली."

"काय?"

"अर्धा तास होती. माझ्या हातात होती. तू शुद्धीवर नव्हतीस. सगळे म्हणाले, हिला सांगू नकोस, वेड लागेल." त्याचा आवाज फुटला. "अगं, ती मान वळवत होती. इकडे, तिकडे… कुणाला तरी शोधत होती."

तिनं त्याच्या हातातला रंधा काढून बाजूला ठेवला आणि त्याच्याशेजारी भुशातच बसून राहिली.

आणि आज हे बोलावणं. चार नंबरच.

दुपार होती, पण आभाळ भरून आलेलं. खोलीत फिनेलचा वास, कोपऱ्यातल्या नळाची टिपटिप. खाटेवर वीस-एक वर्षांची पोर भिंतीकडे तोंड करून पडलेली. पाळण्यात तिचं बाळ, मुलगा, पांढऱ्या कापडात. सिस्टर दार ओढून घेऊन गेल्या.

"मला नाही बघायचं, ताई," ती पोर म्हणाली.

"नको बघूस. नुसता हात ठेव. मी आहे."

बऱ्याच वेळानं हात आला. मग दुसरा. मग तिनं त्याला उचलून छातीशी धरलं आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून फोटोवालीनं मान खाली घातली. थोडं शांत झाल्यावर तिनं कॅमेरा वर केला.

चौकट खाटेच्या पलीकडे होती. कमरेच्या उंचीवर. आज थरथरत नव्हती.

फोटोवालीनं आजवर कधीच जे केलं नव्हतं ते केलं. ओठातल्या ओठात म्हणाली, "मीच गं… मी इथं आहे. ये ना."

चौकट हलली. खाटेच्या कडेनं वळली. मोठी होऊ लागली. समोरून चालत येणाऱ्या माणसावर होते तशी, पावलापावलानं. नळाची टिपटिप थांबली. चौकट कॅमेऱ्याच्या अर्ध्या पडद्याएवढी झाली… पूर्ण पडद्याएवढी झाली… कॅमेऱ्यामागच्या तिच्या गालाला गारवा जाणवला. तिनं बटण दाबलं.

"कुणाशी बोलताय, ताई?"

"कुणाशी नाही."

तिनं फोटो पाहिला. आई धूसर, बाळ धूसर, भिंत धूसर. कॅमेऱ्यानं नेम धरला होता तो हातभर अंतरावरच्या कशावर तरी, आणि तिथं नुसती हवा होती. सहा वर्षं जिची वाट पाहिली, तिचा फोटो निघाला होता आणि त्यात काही दिसत नव्हतं.

डोळे पुसून तिनं त्या पोरीचे फोटो काढले. सरळ, नीट, तिला येत होतं ते सगळं पणाला लावून. आयुष्यातलं तिचं ते सगळ्यात चांगलं काम होतं. निघताना तिनं मागं वळून पाहिलं, तर ती पोर तिच्याकडे बघत नव्हती. खाटेच्या पायथ्याशी बघत होती, टक लावून.

त्यानंतर चार नंबरमध्ये चौकट कधी चुकली नाही. नेमकी चेहऱ्यावर बसायची, एखाद्या शहाण्या यंत्रासारखी. फोटोवाली प्रत्येक वेळी सगळ्या खोलीतून कॅमेरा फिरवायची, पलंगाखाली, पडद्यामागं, दारापाशी. काही नाही. नवऱ्याला म्हणाली, "सुटली असेल हो." तो म्हणाला, "चांगलं झालं." आणि दोघंही जेवली नाहीत.

तीन आठवड्यांनी त्या पोरीचा फोन आला. आवाज ओळखू येईना, इतका हलका होता.

"ताई, फोटो मिळाले. किती शांत दिसतोय तो."

"बरी आहेस ना?"

"आता बरी आहे. तुम्हाला एक विचारायचं होतं… त्या दिवशी तुम्ही गेलात आणि ती तिथंच उभी राहिली. मला वाटलं, येतील परत न्यायला. संध्याकाळपर्यंत वाट बघितली. मग म्हटलं, विसरल्या असतील." ती थांबली. "मीच आणलं तिला घरी."

"कशी… कशी दिसते गं?" फोटोवालीनं विचारलं.

पलीकडे दार लोटल्यासारखा आवाज झाला, लहान पावलं जवळ आली, आणि कुणीतरी विचारलं, "आई, कोण आहे?"

"कुणी नाही गं बाळा," ती पोर म्हणाली. "फोटोवाली."