निळीची पुडी

"अवो, ते बादली माही हाये!"

जया ओरडली खरी, पण उशीर झाला होता. अडाण नदीच्या काठी उकिडव्या बसलेल्या त्या तरुणानं निळीची अख्खी पुडी बादलीत उलटी केली होती आणि वर हात घालून चांगलं ढवळलंही होतं.

त्यानं आधी जयाकडं पाहिलं, मग बादलीत... मग पुन्हा जयाकडं. आणि बादलीत पाहायचं विसरूनच गेला.

"दोन्ही बादल्या उत्सवाच्या मांडवातल्याच. सारख्याच दिसून राह्यल्या," तो पुटपुटला. "मले वाटलं, माहं धोतर हाये."

जयानं पातळ ओढून वर काढलं. सकाळचं पांढरंशुभ्र, आता निळंशार!

"हे धोतर दिसते तुमाले?"

"आता... मले कशाचं काहीच दिसून नाही राह्यलं."

रागानं जयाचे डोळे भरून आले. उद्या वैशाखी पौर्णिमा. दीक्षा घेतल्यापासून बोरी अरबच्या वस्तीत बुद्धजयंतीची मिरवणूक निघायची ती पांढऱ्या कपड्यांत. यवतमाळला मास्तरणीचं ट्रेनिंग करणारी जया सुट्टीत कांतामावशीकडं आली होती, आणि मिरवणुकीच्या पुढं उभं राहून वंदना म्हणायचा मान तिला मिळाला होता. पांढरं पातळ मात्र तिच्याकडं एकच.

"समद्यांत मी एकटीच निळी दिसीन ना!"

"चांगल्याच दिसान तुमी," तो म्हणाला आणि त्यानं जीभ चावली.

पातळ वाळूत घासलं, सोड्यात उकळलं. नीळ थोडी फिकी झाली, गेली मात्र नाही. मावशी हसून हसून बेजार.

"थो बळीराम! यवतमाळच्या जिनात कापसाच्या गाठी बांधते. उन्हाळ्यात जिन बंद, म्हनून गावात त्याचा उपद्रव चालू."

जयाला मात्र हसू येईना. तिचे वडील, डोमाजी, संध्याकाळच्या मोटारीनं उत्सवाला आले ते एक बातमी घेऊनच. कळंबचे पाहुणे येत्या आठवड्यात तिला बघायला येणार होते, आणि डोमाजींनी होकार जवळजवळ देऊनच टाकला होता. जयाला कुणी विचारलं नव्हतं. सकाळपर्यंत तिला त्याचं एवढं काही वाटलंही नसतं. आता मात्र तिनं ताट अर्धंच ठेवलं, आणि त्याचं कारण सकाळी नदीकाठी बादली ढवळत होतं हे तिला पुरतं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, निळं पातळ नेसून ती बाहेर आली आणि दारातच थबकली. सगळी गल्ली पांढरीशुभ्र. म्हाताऱ्या एकमेकींच्या कानाला लागल्या.

"चाल मुकाट्यानं," मावशीनं तिला पुढं ढकललं. "आवाज तं निळा नाही झाला ना?"

मान खाली घालूनच जया मिरवणुकीच्या पुढं गेली. तिथं झेंडा धरून बळीराम उभा होता... सदरा निळा, धोतर निळं, डोक्यावरची टोपीसुद्धा निळी! तिच्यापेक्षा गडद.

"हे काय केलं?" ती कुजबुजली.

"तुमी एकट्या कायले निळ्या?"

जयाला एकाच वेळी हसू आलं आणि रडूही आलं. वंदनेचा पहिला शब्द जरा कापरा निघाला. नंतर मात्र तिचा आवाज असा लागला की पलीकडच्या आळीतले लोकही ओट्यावर येऊन उभे राहिले.

संध्याकाळी खीर झाली आणि डोमाजी मांडवात बोलायला उभे राहिले. "आपन नवे झालो! आता पोरीले विचारल्याबिगर तिचं लगन ठरवाचं नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांच्या थांबल्या तरी जयाच्या टाळ्या चालूच होत्या.

रविवारी सारी वस्ती नदीवर लोटली. पोरी उथळ पाण्यात डुंबल्या, बायांनी जांभळीखाली चुली मांडल्या, वाळूत हुतुतू रंगला. बळीराम पहिल्याच डावात बाद झाला, कारण त्याचं लक्ष भलतीकडंच होतं. मग डांगराची, म्हणजे कलिंगडाची, लालभडक फोड घेऊन तो जयाजवळ आला.

"लय गोड हाये."

"तुमी निवडलं?"

"हो."

"मंग चाखूनच पाहा लागते. तुमची बादलीची निवड पाह्यली ना मी."

तो हसला. पायानं वाळू उकरत राहिला.

"कळंबचे पाहुने येऊन राह्यले म्हनते... तुमाले पसंत हाये?"

"मले कोनी विचारलं कुठं?"

"मी... मी विचारलं तं?"

जयानं त्याच्या हातांकडं पाहिलं. नखांत नीळ होती. तिच्याही नखांत होती. ती उठली आणि सरळ जांभळीखाली बसलेल्या डोमाजींसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, काल मांडवात बोलले ते खरं हाये का?"

"खरं म्हंजे? समद्या वस्तीसमोर बोललो!"

"मंग विचारा ना मले."

डोमाजींच्या हातातली फोड तोंडाजवळच थांबली. आजूबाजूच्या बायांनी माना वळवल्या.

"बरं," ते सावकाश म्हणाले, "कळंबवाल्याईले काय सांगू?"

"नाही म्हना."

"मंग कोनाले हो म्हनू?"

"अवो भाऊजी," मावशीला राहवेना, "काल दोघंच निळे होऊन गावभर फिरले, आनखी कसं सांगा लागते?"

डोमाजींनी बळीरामला नखशिखान्त न्याहाळलं. "धोतर आन्‌ पातळ ओळखू येत नाही, अशाले पोरगी देऊ?"

बळीरामचे कान लाल झाले. पण तो मागं सरला नाही.

"पहिली पुडी चुकून पडली, बाबा. दुसरी मी समजून-उमजून टाकली."

डोमाजींनी ओठ घट्ट मिटून धरले, पण हसू काही आवरेना. "बस खाली," ते म्हणाले, "डांगर खा."

सोमवारी सकाळी यवतमाळला परतणाऱ्या मोटारीच्या खिडकीशी बळीराम उभा होता. डोमाजी मुद्दाम दुसरीकडं तोंड करून बसले होते.

"लगनात पांढरंच लागते," बळीराम हळूच म्हणाला. "पातळ मी घेऊन ठेवतो."

"ठेवा."

"आन्‌... निळीची पुडी?"

"तेही आना," मोटार हलली तशी जया खिडकीतून वाकून म्हणाली, "पन टाकीन मी!"

तो हात हलवत धुरळ्यात दिसेनासा झाला. यवतमाळ येईपर्यंत जया आपल्या नखांतली नीळ पाहत होती.