मानद-०७ आणि मोराची पावली

सातव्या ठेक्याला आमचे बाराही रोबो गर्रकन मागे वळले आणि मैदानाच्या कडेच्या रिकाम्या खुर्चीला तीनदा वाकून नमस्कार करू लागले. आम्ही बारा मुलं ठरल्याप्रमाणे पुढे सरकलो. माझी लेझीम तीन नंबरच्या रोबोच्या मानेत अडकली, हलगी थांबली आणि कुंपणापाशी उभी असलेली पाचवीची पोरं पोट धरधरून हसली.

आमच्या डोंगरसोंडी विद्यालयाचं लेझीम पथक निम्मं मुलांचं, निम्मं रोबोंचं. २०६४ साली सगळीकडे तसंच असतं. रोबोंना पावलं शिकवायची तर कोड (यंत्राला समजतील अशा सूचना) लिहावा लागतो, आणि यंदा तो मी लिहिला होता. मी म्हणजे कालिंदी घोरपडे, सातवी ब. तो जुनाट नमस्कार सोमवारी काढून मी तिथे माझी मोराची पावली घातली होती. मंगळवारी सकाळी नमस्कार परत. मी पुन्हा काढला. आज बुधवार, आणि नमस्कार हजर!

"कालिंदे," खेळाचे घाडगे सर म्हणाले, "परवा जिल्ह्याची स्पर्धा हाय. उद्या सकाळी हे बारा जण परत वाकले, तर तुझा मोर रद्द. रोबो पेटीत, अन् तू पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या."

दिवाळीची अख्खी सुट्टी मी त्या पावलीत घातली होती. मला रडूच येणार होतं, पण आधी राग आला, म्हणून रडायचं राहून गेलं.

रोबोंचा कोड असतो 'कोडकोठी'त. कोडकोठी म्हणजे कोड लिहायचं, तपासायचं आणि साठवायचं साधन. कुणी, कधी, काय बदललं, याची नोंद तिथे आपोआप होते. मी ती उघडली. दोन्ही दिवसांची नोंद एकच होती: 'सकाळी ६.००. नवा बदल मागे घेतला. करणारा: मानद-०७.'

हा कोण टिकोजीराव? मी बदल करू शकणाऱ्यांची यादी काढली, तर तिथे अठ्ठेचाळीस नावं! त्यातल्या निम्म्यांना मी जन्मात पाहिलं नव्हतं. मानदच अकरा होते. मी तडक ऑफिसात गेले.

ऑफिसात दप्तरदार असतो. हा कारकून रोबो आमच्या शाळेचा 'ओळख-कारभार' बघतो. म्हणजे शाळेत कोण आहे, त्याचं काम काय, त्या कामासाठी त्याला काय काय उघडता आलं पाहिजे, ती परवानगी कुणी दिली आणि कधी संपणार, हे सगळं तो सांभाळतो. त्याला हसता येत नाही. तशी सोय कुणी मंजूर केलेली नाही म्हणे.

"मानद-०७ कोण?" मी विचारलं.

"सदर नावाची व्यक्ती माझ्या दप्तरी नाही."

"पण कोडकोठीत आहे ना!"

"कोडकोठीचा आणि माझा परिचय नाही," दप्तरदार म्हणाला. "विज्ञानाच्या बाईंची बदली झाली तेव्हा मी एका मिनिटात प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि फाटक त्यांच्यापुरतं बंद केलं. कोडकोठीत त्यांचं नाव अजून असेल. तिला कोण सांगणार? आमची ओळख कुणी करून दिलीच नाही."

हे सांगताना त्याचा आवाज जरा दुखावलेला वाटला. तेवढ्यात मुख्याध्यापक बोकील सर आत आले. मानद हा शब्द ऐकताच त्यांचा चेहरा खुलला.

"अगं, ते आपले प्रमुख पाहुणे! दर वर्षी स्नेहसंमेलनात पाहुण्यांना आपण शाल देतो, श्रीफळ देतो आणि कोडकोठीचे पूर्ण हक्क देतो. त्याशिवाय उद्घाटनाचं बटण कसं दाबणार? सात नंबर म्हणजे माजी सभापती अण्णासाहेब थोरवे. पाच वर्षं झाली. तो नमस्कार त्यांच्याच खुर्चीसाठी बसवला होता."

"मग कार्यक्रम संपल्यावर हक्क काढून का नाही घेतले?"

सरांनी मी काही अभद्र बोलल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "दिलेला मान परत मागायचा? शाल मागतो का आपण परत?"

"सर, शालीने कोडकोठी उघडत नाही," मी म्हणाले. मला एवढा राग आला होता की 'सर' शब्द आठवणीने लावला हेच खूप झालं.

सर टेबलावरचा पेपरवेट तीनदा फिरवून म्हणाले, "दप्तरदार, करून टाका ओळख."

ओळख करून देण्यासाठी जोडक लागतो. जोडक म्हणजे दोन यंत्रणांमध्ये निरोप नेणारा छोटा प्रोग्रॅम. "त्याला सगळे हक्क देऊन टाकू, पटकन होईल," मी म्हणाले.

"मुळीच नको!" दप्तरदार कडाडला. "नावांची यादी वाचणं आणि नावं चालू-बंद करणं, एवढंच मला पुरे. लेझीमची पावलं बदलून मी काय करू? कामापुरता हक्क घ्यावा, जास्त घेऊ नये."

जोडक बसला. दप्तरदार कोडकोठीतलं एकेक नाव घेऊन ते कोणत्या खऱ्या माणसाचं, हे आपल्या दप्तरात जुळवून पाहू लागला. नऊ नावं जुळली. अठ्ठावीस जण केव्हाच शाळा सोडून गेले होते. त्यात एक माजी विद्यार्थी तर आता स्वतः आजोबा झाला होता. उरलेली अकरा मानद खाती बेवारस, म्हणजे ज्यांचा धनी दप्तरात कुठेच नाही अशी.

सरांना एकदम स्फुरण चढलं. "ज्याला आत्ता कोडकोठीत काम नेमून दिलेलं नाही, त्याचं बंद!" असं म्हणत त्यांनी मंजुरीचं बटण दाबलं.

मी लगेच मोराची पावली घालायला गेले. पडद्यावर आलं: 'प्रवेश नाही.'

"कालिंदी घोरपडे," दप्तरदार शांतपणे म्हणाला, "पद: विद्यार्थिनी. नेमून दिलेलं काम: फळा पुसणे."

मी किंचाळलेच. शेवटी घाडगे सरांना बोलावून अर्ज करावा लागला: काम, रोबोंची पावलं बसवणे. कारण, स्पर्धा. बोकील सरांनी तो वाचून मंजूर केला.

"मुदत?" दप्तरदाराने विचारलं. ती घातल्याशिवाय तो पुढे सरकेना. मग घाडगे सरांनी लिहिलं: शुक्रवार, संध्याकाळी सहा.

बोकील सरांच्या जिवाला मात्र चैन नव्हती. पाहुण्यांना काय वाटेल! म्हणून त्यांनी अकराही जणांना पत्रं धाडली: 'आपला मान आमच्या मनात कायम आहे. किल्ली तेवढी परत घेतली आहे.'

गुरुवारी सकाळी सहाला मी कोडकोठी उघडून बसले होते. नोंद उमटली: 'मानद-०७. प्रवेश नाही.' मी टुणकन उडीच मारली.

सरावाच्या वेळी फाटकातून एक उंच रोबो आला. हातात घडी घातलेली शाल. तो अण्णासाहेबांचा मदतनीस, आज्ञाधर.

"किल्ली परत घेतल्याचं कळलं," तो म्हणाला. "म्हणून शालही आणली आहे. श्रीफळाची चटणी झाली, क्षमस्व."

"अहो नको, नको! शाल ठेवा!" बोकील सर लाल झाले.

"रोज सहाला रोबोंचा नमस्कार तूच परत आणत होतास?" मी विचारलं.

"साहेबांनी उद्घाटन केलेल्या वस्तू जशाच्या तशा आहेत ना, हे पाहणं माझं काम. दोन बसथांबे, एक पाण्याची टाकी आणि आपलं लेझीम."

बिचारा! त्याने त्याचं काम चोख केलं होतं. चूक आमचीच होती. माझा राग तिथल्या तिथे विरघळला.

शुक्रवारी स्पर्धेला प्रमुख पाहुणे कोण असावेत? अण्णासाहेब थोरवे. हलगी कडाडली. सातवा ठेका आला. बोकील सरांनी डोळे मिटले. बाराही रोबो पंजांवर उठले, लेझमी पाठीमागे पसरल्या आणि मोर ठुमकत ठुमकत मैदानभर फिरला. आमचा दुसरा नंबर आला.

बक्षीस देताना अण्णासाहेब माझ्याकडे वाकून म्हणाले, "पोरी, लई उपकार झाले बघ. ही बारा जण तीनदा वाकायची, म्हंजे मलाबी तीनदा उठून हात जोडायला लागायचं. जाईन तिथं तेच. गुडघं गेलं माझं!"

सहाला पाच मिनिटं कमी असताना टॅबवर दप्तरदाराचा निरोप आला: 'आपला हक्क संपत आहे. मुदतवाढ हवी का?'

मोराची मान अजून थोडी वळवता आली असती. हक्क सोडायचा म्हटल्यावर मला खरंच वाईट वाटलं. पण काम तर झालं होतं. मी 'नको' दाबलं.

लगेच दुसरा निरोप आला: 'पुढील वर्षासाठी अर्ज. अर्जदार: रेवती सोनवलकर, पाचवी अ. कारण: बेडकाची पावली बसवणे. आपली शिफारस आहे का?'

ही तर कुंपणापाशी सगळ्यात मोठ्याने हसणारी! मी जरा वेळ तिला ताटकळत ठेवलं, मग 'आहे' लिहिलं. आणि मुदतीच्या रकान्यात न विसरता तारीख घातली.