आजोबांचं विमान नाकावर का पडलं?

आजोबांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला, त्या वर्षीच्या मोठ्या सुट्टीतली ही गोष्ट.

"उडालं! उडालं!" डिंक्या हात हलवत मैदानात धावला आणि मध्येच थांबला.

विमानानं नाक वर केलं. हवेत क्षणभर थबकलं. मग दगडासारखं खाली आलं. फट्! नाक चेपलं आणि पंख निखळून बाजूला पडला.

"परत?" लांब्या म्हणाला.

"परत," चिमटी म्हणाली आणि तुकडे गोळा करू लागली.

चिमटी आणि डिंक्या सख्खी भावंडं. चिमटीची नजर इतकी बारीक की गव्हातला खडा ती लांबूनच सांगे. डिंक्याच्या बोटांना बारा महिने डिंक. एकदा तर तो दाराच्या कडीला चिकटून बसला होता! लांब्या त्यांचा मामेभाऊ, सुट्टीला आलेला. उंचीनं ताड, अकलेनं बरा.

झाडाखाली काळा चष्मा लावून आजोबा उभे होते. घरी आल्यावर त्यांनी हत्यारांची पेटी उचलली, आईसमोर ठेवली आणि म्हणाले, "रविवारी भंगारवाला येतो ना? त्याला देऊन टाक."

"बाबा! अहो, काय बोलताय?" आईच्या हातातलं लाटणं थांबलं.

"डोळा गेला, हात गेला. आता नुसता कचरा करतोय मी. माझीच मला शिसारी येते."

ते आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

आजोबांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली होती. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरली तरी त्यांचा हात हलत नसे. दुकान बंद केल्यावर त्यांनी छोट्या विमानांचा नाद लावून घेतला. बाल्सा नावाचं पिसासारखं हलकं लाकूड, पातळ कागद, डिंक, आणि विमानांच्या मासिकात येणारा पूर्ण मापाचा नकाशा. या नकाशाची गंमत अशी की काही मोजायचंच नाही. नकाशा पाटावर पसरायचा, वर मेणकागद टाकायचा आणि थेट रेघांवर लाकूड ठेवून विमान बांधायचं. छंदवाले सगळे तसंच करतात. छापील रेघेवर त्यांचा देवापेक्षा जास्त भरवसा!

ऑपरेशननंतर आजोबांनी मासिकातलं नवं विमान बांधलं. ते पडलं. त्याच नकाशावरून दुसरं बांधलं, तेही पडलं. आज तिसरं.

"मला नाही पटत," चिमटी म्हणाली. "त्यांनी काल आईच्या सुईत दोरा ओवला. एका झटक्यात!"

"मग विमान का पडतं?" लांब्यानं विचारलं.

"आपण बांधू. नकाशाबरहुकूम. आपले तर डोळे शाबूत आहेत ना?"

दुपारभर तिघं पाटाभोवती बसली. मासिक उघडलं आणि लांब्यानं नाक दाबलं. "शी! हे काय सडलंय?"

"अत्तराची जाहिरात आहे. पानालाच वास लावलाय."

"विमानाच्या मासिकात अत्तर? पायलटच्या काखेत मारायला का?"

अत्तर, मग चकचकीत कार, मग तयार प्लास्टिकच्या विमानांची चार पानं. त्यानंतर कुठे नकाशा! एका बाजूला पंख, पलीकडच्या पानावर शेपटी, आणि शेपटीच्या शेजारी दात विचकून हसणारी डिंकाची बाटली.

पंख झाला. पंखाच्या खाचेत दुकानातून आणलेली बाल्साची तयार काडी टच्चकन बसली. मग शेपटी. तिच्या खाचेतही त्याच मापाची काडी जायची होती. डिंक्यानं ढकलली. जाईना.

"जाड आहे. घासून घेतो," डिंक्या म्हणाला आणि त्यानं पॉलिश पेपर उचलला.

"थांब!" चिमटीनं त्याचा हात धरला. "काडी तीच, दुकान तेच. पंखात बसते आणि शेपटीत बसत नाही? असं कसं?"

लांब्यानं आजोबांच्या मोडक्या विमानाची शेपटी उचलली. "ही बघ. आजोबांनीपण घासलीये."

तिन्ही विमानांच्या शेपट्या पाहिल्या. तिन्हींत काडी घासलेली!

"त्यांना वाटलं, आपल्यालाच नीट दिसत नाहीये," चिमटी हळूच म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "अरे, काडी जाड नाहीये! खाच लहान आहे! अख्खी शेपटीच लहान छापलीये! मग विमानाचा तोल जाणारच!"

"पण वर लिहिलंय, पूर्ण मापाचा नकाशा!"

"लिहायला काय जातं?"

मासिकाची कचेरी चार गल्ल्या ओलांडून, एका चिंचोळ्या जिन्याच्या वर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं तिथे धडकली.

दार उघडताच आंबूस वास आला. टेबलावर कालचे, परवाचे चहाचे कप. एकात माशी तरंगत होती. खुर्चीत एक गृहस्थ पाय पसरून केळं खात बसले होते. हातात कात्री होती, म्हणून तिघांनी त्यांचं नाव मनातल्या मनात कात्रीकाका ठेवलं. पानं जुळवणं हे त्यांचं काम. पाय त्यांनी पुठ्ठ्याच्या खोक्यांवर ठेवले होते. एका खोक्यातून मोडका पंख डोकावत होता आणि त्यावर मुंग्यांची रांग लागली होती.

"काका, ही खोकी कसली?" चिमटीनं विचारलं.

"वाचक पाठवतात. आमचं विमान पडलं, बघा जरा, म्हणून. मी काय बघणार? पाय ठेवायला मात्र झकास!"

डिंक्याचा चेहरा आंबट झाला. लांब्यानं जीभ चावली.

"आणि या महिन्याची शेपटी, ती लहान झालीये का हो?"

"झालीये म्हणजे? मीच केली!" कात्रीकाकांनी केळ्याचं साल खोक्यावर टाकलं. "डिंकाची जाहिरात बसत नव्हती. मग शेपटी जराशी बारकी केली. दिसते की नाही छान?"

"अहो, पण लोक त्याच्यावर विमान बांधतात!"

"चित्रच तर आहे, पोरी! चित्रानं काय बिघडतं?"

घरी चिमटीचे आजोबा भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि हा माणूस केळं खात होता!

तेवढ्यात आतल्या खोलीतून संपादक आले. कोट कडक इस्त्रीचा, आणि अंगाला तोच मासिकातला वास. त्यांच्या डोक्यावर छताला मुखपृष्ठावरचं विमान टांगलं होतं.

"काय गडबड आहे?"

चिमटीनं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "पुढच्या अंकात चूक झाली म्हणून छापा ना. आमचे आजोबा तीनदा..."

"आजोबांचं वय काय?"

"त्र्याहत्तर. डोळ्याचं ऑपरेशन झालंय."

"मग झालं तर!" संपादक हसले. "बाळा, दोष नकाशात नाही, डोळ्यांत आहे. म्हाताऱ्या माणसांनी पत्ते खेळावेत. आणि हे बघा, रविवारी मैदानावर आमचा वाचकमेळावा आहे. तिथे असली बडबड नको. मोठे जाहिरातदार येणार आहेत."

लांब्या छताकडे बघत होता. "काका, हे विमान तुम्ही उडवून बघितलं होतं?"

"मुखपृष्ठ पाहिलं नाहीस? आभाळात तर आहे!"

"पाहिलं. त्यात दोरा दिसतो."

"चला, निघा!" संपादक गरजले.

जिना उतरताना डिंक्या थुंकला. एरवी चिमटीनं त्याचा कान धरला असता. आज नाही धरला.

"आपण ओरडलो तर म्हणतील, पोरांनी वाकडंतिकडं बांधलं," लांब्या म्हणाला. "वरून आजोबांनाच हसतील."

चिमटी पायरीवर बसली. बराच वेळ नखं खाल्ल्यावर म्हणाली, "त्यांच्याच तोंडून वदवायचं. आधी वदवायचं, मग उडवायचं. आणि विमानं दोन बांधायची!"

शनिवारपर्यंत घरात डिंकाचा नुसता दरवळ सुटला. डिंक्याचा सदरा पाटाला चिकटला, लांब्याच्या केसांत बाल्साचा भुसा अडकला. एक विमान रेघेला रेघ लावून, छापल्याबरहुकूम. दुसरं तसंच, पण शेपटी मोठी, पंखाच्या खाचेत बसलेल्या काडीच्या हिशोबानं. चिमटीनं पेटीतली एकेक वस्तू बाहेर काढून वापरली आणि पेटी आपल्या अंथरुणामागे लपवली.

रविवारी ती आजोबांसमोर उभी राहिली. "आजोबा, चला."

"कुठे? मला नाही बघायचा तो तमाशा."

"नका बघू. नुसते या. सोबतीला."

आजोबा कुरकुरत चप्पल घालू लागले. नातीला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

मैदानावर मंडप होता, माईकपाशी कात्रीकाका उभे. जाहिरातदार पुढच्या खुर्च्यांवर, छंदवाले मागे उन्हात. बेकरीवाला होता, दवाखान्यातली परिचारिका होती, बसचा ड्रायव्हर होता. प्रत्येकाच्या काखेत खोकं. खोक्यात काय असेल ते चिमटीला आता न उघडताच कळत होतं.

"आमच्या प्रिय वाचकांना काय हवं, हे आम्ही ओळखलंय!" संपादक माईकवर सांगत होते. "आणखी गुळगुळीत कागद! दर अंकात सुगंधी पान! आणि भाग्यवान विजेत्याला घड्याळ!"

पुढच्या रांगेनं टाळ्या वाजवल्या. मागची गप्प होती.

चिमटी विमान घेऊन पुढे गेली. चेहरा असा, की साखरही लाजावी. "काका, हे तुमच्या अंकातलं विमान! आम्ही बांधलंय. पहिलं उड्डाण तुमच्या हातून व्हावं. फोटो काढतील सगळे!"

फोटो म्हणताच संपादकांनी कोट नीट केला.

"पण काका, आधी नकाशावर ठेवून बघा हं. आमचं कुठे चुकलंय का? कमीजास्त असेल तर सांगा."

डिंक्यानं नकाशा पसरला. संपादकांनी विमान त्यावर धरलं, पंख पाहिला, शेपटी पाहिली. माईकमध्ये मोठ्यानं म्हणाले, "शाबास! केसाचाही फरक नाही. अगदी हुबेहूब! मुलांनो, यालाच म्हणतात आमच्या मासिकाचे वाचक!"

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" लांब्या मागून ओरडला. "केसाचाही फरक नाही!"

संपादकांनी विमान फेकलं. त्यानं नाक वर केलं, क्षणभर थबकलं आणि सरळ उष्ट्या कपांच्या बादलीत जाऊन बुडालं. चहाचा चोथा पुढच्या रांगेच्या विजारींवर उडाला!

"पोरांचं काम! असं होणारच!" संपादक बोलून गेले.

"पण आत्ताच तर हुबेहूब म्हणालात!" ड्रायव्हर म्हणाला. लोक हसायला लागले.

चिमटीनं एक काडी उंच धरली. "ही काडी पंखात बसते, शेपटीत बसत नाही. कारण डिंकाच्या बाटलीला जागा हवी म्हणून यांनी शेपटी बारकी करून छापली. आमचे आजोबा समजले, आपलेच डोळे गेले. तुमच्यापैकी कुणीकुणी ही काडी घासून बसवली?"

आधी बेकरीवाल्यानं मान खाली घालून हात वर केला. "मला वाटलं, माझीच बोटं जाड. पिठातली सवय."

"मी तर दोनदा घासली," परिचारिका म्हणाली. "कुणाला बोलले नाही. लाज वाटली."

एकेक करत मागच्या रांगेत हात वर होत गेले. प्रत्येकानं घरी एकटं बसून काडी घासली होती, आणि प्रत्येकानं स्वतःलाच शिव्या घातल्या होत्या.

आजोबा उठले. पुढे येऊन त्यांनी काळा चष्मा काढला, नकाशा उचलला आणि दोन्ही खाचांवरून अंगठ्याचं नख फिरवलं.

"लहान आहे," ते म्हणाले. "मला पहिल्याच दिवशी लहान दिसली होती. मी डोळ्यावर विश्वास ठेवला नाही, छापलेल्यावर ठेवला." मग संपादकांकडे वळले. "चूक कुणाचीही होते. माझ्या हातून घड्याळं बिघडलीत. पण तुमच्या कचेरीत लोकांनी पाठवलेल्या मोडक्या विमानांवर पाय ठेवून केळं खायचं? नातीनं सांगितलं मला वाटेत. ओकारी आली ऐकून."

संपादक माईकची वायर शोधत होते. कात्रीकाका मंडपामागे कधी गेले ते कुणालाच कळलं नाही.

"आमचं म्हणणं एवढंच," ड्रायव्हर पुढे येऊन म्हणाला. "गुळगुळीत कागद नको, वास नको, घड्याळ नको. जे छापाल ते आधी बांधा. उडवा. उडालं तर छापा. बाकी तुमचं अत्तर तुम्हीच लावा!"

आता मागच्या रांगेच्या टाळ्या थांबेनात. डिंकाचा जाहिरातदारही उठला. "माझ्या बाटलीपायी असली घाण? माझं नाव काढा त्या पानावरून! आधी शेपटी नीट छापा, मग या माझ्याकडे!" मोठं गिऱ्हाईक असं उठलेलं पाहून संपादकांनी पुढच्या अंकात दुरुस्त नकाशा छापण्याचं सगळ्यांसमोर कबूल केलं. चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा होता.

लांब्यानं दुसरं विमान आणून आजोबांच्या हातात दिलं. त्यांनी शेपटी पाहिली, बोटावर विमान तोलून पाहिलं आणि हलकेच सोडलं.

विमान गेलं. मंडपावरून गेलं, झाडाला वळसा घालून परत आलं आणि गवतावर अलगद टेकलं.

"उडालं!" डिंक्या किंचाळला. "आजोबा, खरंच उडालं!"

बेकरीवाल्यानं तिघांना उचलायचा प्रयत्न केला. लांब्या काही उचलला गेला नाही. परिचारिका चिमटीला म्हणाली, "मोठ्या माणसांना जे बोलता आलं नाही, ते तू बोललीस गं!"

घरी पोचल्यावर आजोबांनी दारात थांबून तिघांकडे पाहिलं. "डिंक जास्त लावलाय डाव्या पंखाला," ते म्हणाले. "बाकी, माझ्या दुकानात असतात तर तिघांनाही भिंग दिलं असतं."

घड्याळजीच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कुणी ऐकली नव्हती.

"बाबा, भंगारवाला येऊन गेला," आई म्हणाली. "पेटी काही सापडली नाही बाई मला."

"बरं झालं," आजोबा म्हणाले आणि चिमटीच्या अंथरुणामागे हात घालून त्यांनी पेटी बाहेर ओढली.

ती पेटी पुढे चिमटीकडे आली. आजोबा त्या सुट्टीनंतर पाचव्या वर्षी, थंडीत, लांब्याच्या कॉलेजचा निकाल लागला त्याच आठवड्यात वारले.