भर उन्हातला शॉर्ट

केरू आला तेव्हा दर्शना एका स्टार्टरच्या पोटात डोकं घालून बसलेली. शहापूरला हायवेच्या कडेला तिचं दुकान. गाड्यांचं वायरिंग बघायची, पण लोक तिच्याकडं भांडणंही घेऊन यायचे. कोण खरं, कोण खोटं, ते ती शोधून द्यायची.

"ताई, माज्यावर आळ आलाय," केरू म्हणाला. "आजपासून कामाला येऊ नको म्हनाले."

"कसला आळ?"

"हॉर्नचा."

कोपऱ्यात पेंगणारे हनुमानमामा जागे झाले. हे दर्शनाचे सख्खे मामा. तीस वर्षं गाड्यांचे पत्रे ठोकले. त्यांच्या मते जगातला प्रत्येक बिघाड गंजानं होतो.

केरू धसईकडच्या एका पाड्यावरचा. नरेंद्रच्या घरी गाडी चालवायचा. नरेंद्र रोज आसनगावहून लोकलनं मुंबईला कामाला जायचा. पंचवीस वर्षांची जुनी गाडी घरी ठेवलेली ती बापासाठी, कमळाकरकाकांना दवाखान्यात न्यायला.

"पंधरा दिस झाले," केरू सांगायला लागला. "भर दुपारी गाडी आपसूक हॉर्न वाजवते. चावी नाय, आत मानूस नाय. सांजंला बॅटरी मेलेली. मंगळवारी काकांना दम लागला, पाय हे असे सुजलेले, आनि गाडी चालू होईना. दुसऱ्याची गाडी येईस्तोवर दीड तास गेला. नरेंद्रभाऊ म्हनतात, तूच दुपारचा गाडीत बसून गानी लावतो, बॅटरी खातो."

"लावतोस का?"

"टेप कवाच बंद पडलाय, ताई."

"दुपारी कुठं असतोस?"

"पाड्यावर. जेवाय जातो. बायको वाढते."

"बायकोची साक्ष कोण धरतो?" मामा म्हणाले.

दर्शनानं हात पुसले. "रोज वाजतो?"

"रविवारी नाय. मदी दोन दिस आभाळ आलेलं, तवा पन नाय."

"गंज," मामा म्हणाले.

"मामा, शॉर्ट ओलाव्यात होतो. ही गाडी उन्हात बोंबलते. काय रे केरू, गेल्या पावसात वाजलेली का?"

"नाय ना. सगळा पाऊस उघड्यावर भिजली, एकदा पन वाजली नाय."

दर्शनानं स्कूटरची चावी घेतली.

तिघं एका स्कूटरवर निघाले. वैशाखातली दुपार. रस्ता पुढं पुढं पाण्यासारखा हलायचा, जवळ गेलं की नुसतं डांबर. लांबची माणसं गुडघाभर पाण्यातनं चालल्यागत दिसायची. कुत्री झोपलेली, म्हशी झोपलेल्या, झाडंसुद्धा उभ्या उभ्या झोपलेली. मामाचं डोकं केरूच्या पाठीवर टेकलं.

गावाच्या अलीकडं मोहाच्या सावलीत दर्शनानं स्कूटर थांबवली. आणि तो आवाज आला. घोगरा, लांबलचक. झोपेत वासरू हंबरतं ना, तसा.

"आपलीच गाडी," केरू हळू म्हणाला.

मामा जागे झाले. "म्हंजे हा नाय. हा तर माझ्या पुढ्यात बसलाय."

"नरेंद्रभाऊ म्हणतील, यानं वायर जोडून ठेवली," दर्शना म्हणाली. "चला."

ते अंगणात पोचले तर आवाज बंद. गाडी उताराला तोंड करून उभी. तसं उभं केलं की ढकलून चालू करायला सोपं जातं, केरू म्हणाला. घरातनं सकुबाई बाहेर आल्या, नरेंद्रची आई. पदराला हात पुसत होत्या.

"जयभीम काकी," दर्शना म्हणाली. "घरात कोण कोण हाय?"

"आमी दोघंच म्हातारी गो. सून पंचायतीत कामाला. तीन वाजता येते."

ओटीवर खाटेवर कमळाकरकाका बसलेले. पाय उशीसारखे फुगलेले. पाण्याचा तांब्या एका दमात रिकामा केला आणि अजून मागितला.

दर्शना गाडीभोवती फिरली. सगळ्या बोनेटवर लाल धुरळा, फक्त मधे पेपर पसरावा एवढी जागा चकचकीत.

"तिथं मांजर निजतं," सकुबाई म्हणाल्या.

मामानी तिथं हात ठेवला आणि चटका बसून मागं घेतला. "कातडं जाड असंल मांजराचं."

दर्शनानं बोनेट उघडलं. समोर हेडलाइटच्या मागं हॉर्नचा रिले, म्हणजे आगपेटीएवढी एक डबी. बटण दाबलं की ही डबी हॉर्नला करंट सोडते. तिचं झाकण फुटलेलं. आत तांब्यावर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली.

"बघ, गंज," मामा खूश झाले.

दर्शनानं नखानं ती बुरशी खरवडली, जिभेला लावली आणि थुंकली. मामा तिच्याकडं बघतच राहिले. मग ती घराच्या मागं एक चक्कर मारून आली. तिथं कोंबड्या हिरव्या साली टोचत होत्या, कच्च्या कोयींचा हा ढीग.

तीन वाजता पौर्णिमा आली, नरेंद्रची बायको. "काय सांगू ताई, मामंजींचं मीठ डॉक्टरनी बंद केलंय. भाजीत नाय, भाकरीत नाय. मी सोता रांधते. तरी सूज उतरत नाय. डॉक्टर म्हणतात किडनी गेली असंल, शनवारी ठाण्याला न्या."

"आणि जेवतात?"

"तेच तर नवल. दोन महिने ताट ढकलत होते. आता पंधरा दिवस झाले, दुपारी दोन भाकरी खातात म्हणे."

पाचच्या सुमाराला नरेंद्र आला. केरूला बघून कपाळाला आठ्या. "याला कशाला आणलंय? गाडीच विकून टाकतो आता."

"विका. पण आधी बसा," दर्शना म्हणाली.

ऊन पिवळं झालेलं. सगळी ओटीवर बसली. केरू खाली, गाडीला टेकून.

"हॉर्न दुपारीच वाजतो," दर्शना म्हणाली. "रविवारी नाय, कारण रविवारी सगळी घरात. आभाळात नाय, कारण तेव्हा ऊन नाय. म्हंजे उन्हाचं काम असणारं कोणीतरी, घर रिकामं बघून, गाडीपाशी जातं."

"हाच," नरेंद्र म्हणाला.

"आज हॉर्न वाजला तेव्हा हा माझ्या स्कूटरवर होता. आणि यानं वायरीही जोडलेल्या नायत, मी सगळ्या बघितल्या. पावसाच्या पाण्यानं त्या डबीला काय झालं नाय. साध्या पाण्यातनं करंट जेमतेम जातो. खाऱ्या पाण्यातनं चांगला जातो. त्या डबीतली बुरशी मी चाखली, भाऊ. मीठ हाय ते."

पौर्णिमा सासूकडं बघायला लागली.

"कैरीच्या फोडी अंगणात वाळायला चार दिवस लागतात. तापल्या बोनेटवर दोन दुपारी. सून यायच्या आत उचलता येतात. मीठ लावलेल्या फोडींना पाणी सुटतं, गाडीचं तोंड उताराला, पाणी पुढं घरंगळतं आणि फटीतनं त्या डबीवर ठिबकतं. हॉर्न वाजतो, बॅटरी मरते. रोज तिथलं पुसलं जातं म्हणून तेवढाच पत्रा चकचकीत. मांजर त्यावर निजंल कसं?"

दर्शनानं काकांच्या पायांकडं बोट केलं.

"गाडीचा आजार आणि काकांचा आजार एकाच मिठाचा हाय. किडनीचं डॉक्टर बघतील, पण त्यांना या फोडींचं सांगा."

सकुबाई उठल्या. आत जाऊन तांदळाच्या डब्यातनं एक पुरचुंडी काढून आणली आणि सुनेच्या पुढ्यात ठेवली. "तीस वर्षं एका ताटात जेवलो. तो उपाशी उठायचा, मला घास गिळंना. एक फोड दिली की दोन भाकरी खायचा."

"तिला बोलू नका," कमळाकरकाका म्हणाले. "मीच मागितल्या."

नरेंद्रनं मान खाली घातली. मग म्हणाला, "केरू, उद्यापासून ये. झालं गेलं सोड."

"कसं सोडायचं?" कमळाकरकाका म्हणाले. "सकूच्या हाताखाली गाडी वाजायची. केरू तिथं नसायचा, ते आमा दोघांना ठाऊक होतं. तू त्याला शिव्या दिल्यास तेव्हा मी इथंच बसलेलो. जिभेच्या चवीपायी गप बसलो." ते केरूकडं वळले. "तुला काय पायजे ते बोल रे."

केरू अंगठ्यानं माती उकरत होता. "मला काय नको, काका. फक्त चिमीला सांगा. माज्या बायकोला. रोज तिच्या हातचं जेवून येतो, तरी काल रातीला तिनं इचारलं, खरंच तू नाय ना?"

कमळाकरकाका खाटेवरनं उठले. चपलेत पाय घालायला गेले, सुजलेला पाय काय आत जाईना.

"बाबा, उद्या जा," नरेंद्र म्हणाला. "पाड्यापर्यंत चालवणार नाय तुम्हांला."

"उद्या नाय."

त्यांनी चपला तिथंच सोडल्या, केरूच्या खांद्यावर हात ठेवला आणि अनवाणीच पाड्याच्या वाटेला लागले.