शेवटचं चित्र आधी

मी डोळे तपासते, चष्मे बनवून देते. नसलेल्या गोष्टी माणसाला दिसतात यावर माझा विश्वास नाही. असलेल्या दिसत नाहीत, हे मात्र रोज बघते.

लेकीला ॲनिमेशन शिकायचं होतं. दोन कलाशाळांनी तिला घेतलं होतं. एकीत नोकरीची हमी. दुसरीत प्रायोगिक फिल्म, मनासारखं काम करायची मोकळीक आणि एक नामवंत विभागप्रमुख. तिचा जीव दुसरीत अडकला होता. मी दोन महिने नन्नाचा पाडा लावला, कारण त्या प्रमुखाला मी ओळखत होते. मग पालकांना शाळा दाखवण्याचा दिवस आला आणि मीच म्हणाले, चल, बघून येऊ. पोरगी हरखली. माझ्या पिशवीत काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं.

माझी धाकटी बहीण तिथेच शिकली. तिचं सगळंच उलटं. दृश्यातलं शेवटचं चित्र आधी काढायची, त्यावर १ आकडा घालायची आणि मागे मागे येत सुरुवातीला पोचायची. शेवट पक्का असला की बाकीचं झक मारत येतं, असं तिचं म्हणणं. तिच्या पदवीच्या फिल्मचे एकशे ऐंशी कागद होते. पहिल्या नंबरचा घरी राहिला म्हणून वाचला. बाकीचे तिच्या वर्गमित्राने लांबवले आणि स्वतःच्या नावावर फिल्म केली. हिने तक्रार केली तर चोर हीच ठरली. शाळेने काढून टाकलं. वर्षभरात ती गेली. निमित्त तापाचं झालं. कारण मी दुसरं धरते. तो वर्गमित्र म्हणजेच हा प्रमुख. चार लोकांत त्याची मान खाली गेलेली मला या डोळ्यांनी बघायची होती.

दुपारचे तीन वाजले होते. लांबट खोली, एका बाजूला उंच खिडक्या, आत यायला एकच दार. टेबलावर खाली तोंड करून लावलेला कॅमेरा आणि त्याखाली कागद अडकवायच्या तीन खुंट्या. वीसेक पालक बसले होते. प्रमुख समोर पडद्याजवळच्या खुर्चीत. चष्म्याच्या काचा जाड. मायनस दहाच्या पुढे, मी सवयीने ताडलं.

त्याने आपली गाजलेली फिल्म दाखवली. एक बाई आपल्याकडे तोंड करून, डावा पाय ओढत, मागे मागे जाते. दारात शिरते. दार लागतं. हे निरोपाचं दुःख आहे, असं त्याने समजावलं. डावा पाय माझी बहीण ओढायची.

"क्रम उलटा लागलाय," मी म्हणाले. "ती जात नाहीये. येतेय."

लेकीने माझं मनगट धरलं. "आई, प्लीज. माझी ॲडमिशन आहे."

तो गोड हसला. पालकांना गंमत वाटली. उलटं लावूनच दाखवा म्हणाले. मूळ कागद काचेच्या कपाटात मांडलेले होते. नाही म्हणायची सोय उरली नाही. दोन विद्यार्थिनींनी एकशे ऐंशीपासून दोनपर्यंत एकेक कागद खुंट्यांवर अडकवून फोटो काढले. अर्ध्या तासाने त्यांनी ते पडद्यावर सोडले.

दार उघडलं. बाई बाहेर आली. आता तिच्या चालीत काहीच विचित्र नव्हतं. घरी पाणी मागायला यायची तशी ती येत होती. ओल्या कागदाचा वास सुटला. दोन नंबरच्या कागदावर चेहऱ्याने पडदा भरला आणि चित्र थांबलं.

बुबुळांचा कोन मी रोज मोजते. ती समोर बघत नव्हती. त्याच्याकडे बघत होती.

तो उठून पडद्याच्या दुसऱ्या बाजूला गेला.

चित्र थांबलेलंच होतं. नजर त्याच्यामागे गेली.

"शेवटचा कागद नाहीये," तो पुटपुटला. "तिने तो आणलाच नव्हता."

"तिने म्हणजे कोणी?" एका पालकाने विचारलं.

मला हवं ते मिळालं होतं. तिथेच थांबायला हवं होतं. पण माझं पोट भरलं नव्हतं. मी पिशवीतून एक नंबरचा कागद काढून त्याच्या हातात दिला. तो खुर्चीत बसला आणि कागद विद्यार्थिनीकडे सरकवला.

पडद्यावर हीच खोली आली. याच खिडक्या, हीच खुर्ची. खुर्ची रिकामी. तिच्यावर घडी घातलेला एक जाड काचांचा चष्मा.

"तेव्हा मला हा चष्मा नव्हता," तो म्हणाला.

मागे दार वाजलं. आम्ही सगळे वळलो. दार बंद होतं.

परत समोर पाहिलं तेव्हा खुर्ची रिकामी होती.

पाणी प्यायला गेले असतील, कोणीतरी म्हणालं. कुठल्या दाराने, ते कोणी विचारलं नाही. पाचपर्यंत वाट बघून लोक पांगले. कागद मी आणि लेकीने कपाटात लावले. सगळ्यात वर एकशे ऐंशी नंबरचा आला, बंद दाराचा. त्या दाराखालच्या फटीत आता दोन पुरुषी बुटांची टोकं होती. मी काच सरकवून लावली.

लेकीने हीच शाळा निवडली. मी फॉर्मवर सही केली.

खुर्चीवर राहिलेला त्याचा चष्मा मी उचलून आणला होता. दुकानात यंत्रावर लावून नंबर काढला. मायनस साडेअकरा. चष्म्याशिवाय अशा माणसाला हातभरावरची दाराची कडीसुद्धा दिसत नाही.